पाणी ओसरते, चाकात मुरते
तुंबलेल्या रस्त्यातून व्हॅन काढल्यानंतर बेअरिंग आणि ब्रेक केव्हा व कसे तपासावेत?

प्रतिनिधी

मुंबई : पावसाचा जोर वाढला आणि त्याच वेळी समुद्राला भरती आली, की कोठे पाणी तुंबणार हे सांगण्यासाठी मुंबईकराला हवामान खात्याची गरज पडत नाही. हिंदमाता, किंग्ज सर्कलजवळचे गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे, शीव, कुर्ल्याचा लालबहादूर शास्त्री मार्ग ही नावे वर्षानुवर्षे छापली जात आहेत. पंप बसले, हिंदमाताच्या पाण्यासाठी भूमिगत टाक्या झाल्या. तरीही शाळा सुटण्याची वेळ आणि पावसाची मोठी सर एकत्र आली की गुडघ्याएवढ्या पाण्यातून वाट काढणाऱ्या शालेय व्हॅनचे दृश्य दर पावसाळ्यात दिसतेच. आत दहा-बारा मुले, काचांवर वाफ आणि पुढे व्हॅनवाले काका, ॲक्सिलरेटरवरचा पाय न काढता.

अशा वेळी चालकाचे सारे लक्ष इंजिनाकडे असते. सायलेन्सरमध्ये पाणी शिरेल काय, गाडी मध्येच बंद पडेल काय, याच काळजीत तो असतो. इंजिन बंद न पडता गाडी पलीकडे निघाली की त्याचा जीव भांड्यात पडतो, मुले घरोघर पोहोचतात आणि विषय संपतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तेव्हा छपरापर्यंत बुडालेल्या गाड्या सर्वांनी पाहिल्या. त्या गाड्यांचा प्रश्न एका अर्थी सोपा होता. त्या बंदच पडल्या होत्या, त्यामुळे त्यांना गॅरेजमध्ये नेण्यावाचून गत्यंतर नव्हते. खरी अडचण आहे ती बंद न पडलेल्या गाड्यांची. धडपणे बाहेर आलेली व्हॅन कोणी तपासत नाही. तिच्या चाकांत शिरलेले पाणी महिना-दीड महिन्याने, बहुधा पाऊस ओसरल्यावर, आपले अस्तित्व जाणवून देऊ लागते आणि तोपर्यंत त्या दिवसाची आठवण चालकालाही राहिलेली नसते.

एक फूटसुद्धा नव्हे!

किती पाण्यातून गेल्यास चाकाच्या बेअरिंगला धोका पोहोचतो, याचा हिशेब कोणालाही करता येण्याजोगा आहे. मारुती ओम्नीच्या टायरवर १४५ आर १२ असा आकडा छापलेला असतो. म्हणजे टायरची रुंदी १४५ मिलिमीटर आणि लोखंडी रिमचा व्यास १२ इंच. त्यावरून चाकाची एकूण उंची काढली, तर ती साधारण ५३ सेंटिमीटर भरते. चाकाचा मध्य, जेथे बेअरिंग बसलेले असते, तो याच्या निम्म्यावर, म्हणजे जमिनीपासून सुमारे २६ सेंटिमीटरवर येतो. एक फूटसुद्धा नव्हे! ईकोचे रिम १३ इंची आहेत, पण त्याने फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा फरक पडेल. थोडक्यात, उभ्या माणसाच्या पोटरीपर्यंत पाणी आले की व्हॅनचे बेअरिंग बुडालेले असते. ब्रेकचा ड्रम तर चाकाच्या मध्याच्या बराच खाली उतरलेला असतो. त्याचा खालचा काठ जमिनीपासून वीतभरही उंच नसतो.

पाण्यात उतरण्यापूर्वी अंदाज घ्यायचा असेल, तर पुढे गेलेल्या गाडीकडे पाहावे. तिच्या चाकाचा खालचा अर्धा भाग दिसेनासा झाला, तर आपल्याही बेअरिंगला अंघोळ घडणार हे निश्चित समजावे. शिवाय हा हिशेब स्थिर पाण्याचा झाला. शेजारून एखादी बस वेगाने गेली की तिच्या लाटेने पाण्याची पातळी क्षणभर आणखी वर चढते.

ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. मात्र त्यांतील बऱ्याच गाड्या अद्याप रस्त्यावर आहेत आणि जुन्या गाडीच्या चाकातील रबरी सील जुनेच असते. या लेखात व्हॅनचा विचार प्रामुख्याने केला आहे तो याच कारणासाठी. लहान चाके, खाली बसणारा ड्रम, मागच्या चाकांवर चालणारी गाडी आणि तिच्यात रोज बसणारी दुसऱ्यांची मुले, या चारही गोष्टी येथे एकत्र येतात.

गरम चाक, गार पाणी

बेअरिंगची रचना साधी असते. पोलादाच्या दोन कड्या, एक आत व एक बाहेर. त्यांच्यामध्ये पोलादी गोळ्या किंवा निमुळते रोलर, सर्वांभोवती ग्रीस आणि बाजूंना रबरी सील. गाडीचे सारे वजन या गोळ्यांवर तोललेले असते आणि पोलाद पोलादाला घासू नये म्हणून मध्ये असतो तो केवळ ग्रीसचा अतिशय पातळ थर. सीलचे काम धूळ आणि पावसाचे उडालेले पाणी बाहेर ठेवणे, एवढेच. पाण्याखाली बुडून राहण्यासाठी ते बनवलेले नसते.

तरीही नुसते बुडाल्याने इतके पाणी आत कसे शिरते? याचे उत्तर प्रत्येक स्वयंपाकघरात सापडेल. गरम पदार्थ डब्यात भरून घट्ट झाकण लावले आणि डबा गार झाला, की झाकण उघडता उघडत नाही. आतली हवा आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब झाकणाला आत ढकलतो. शहरातल्या रहदारीत दर शंभर पावलांवर ब्रेक लावत आलेल्या गाडीचे चाक असेच तापलेले असते. ते अचानक पावसाच्या गार पाण्यात शिरले की हबच्या आतली हवा आकसते, पोकळी निर्माण होते आणि सीलच्या कडेने पाणी अक्षरशः आत ओढले जाते. पंधरा मिनिटे पाण्यात उभ्या असलेल्या थंड गाडीपेक्षा तापलेल्या चाकांनी दोन मिनिटे पाण्यातून गेलेल्या गाडीचे नुकसान अधिक होऊ शकते, ते यामुळे.

आत शिरलेले पाणी ग्रीसमध्ये कालवले जाते. तपकिरी किंवा निळसर ग्रीसचा रंग दुधाळ चहासारखा होतो, त्याचा चिकटपणा जातो. गाडी चालू असेपर्यंत विशेष काही जाणवत नाही. अपाय सुरू होतो तो गाडी उभी राहिल्यावर. गोळी जेथे कडीला टेकलेली असते, तेथे पाण्याचा थेंब साचून गंजाचा ठिपका पडतो. शाळेला दोन-तीन दिवस सुट्टी मिळाली, गाडी जागेवरून हललीच नाही, तर प्रत्येक गोळीखाली असा एकेक ठिपका तयार होतो. पुढे गाडी धावू लागली की हे गंजलेले कण निघून जातात आणि त्या जागी बारीक खड्डे उरतात. त्या खड्ड्यांवरून प्रत्येक गोळी प्रत्येक फेऱ्यात जाते. तोच पुढे ऐकू येणारा घुमणारा आवाज.

मुंबईच्या बाबतीत यात मिठाची भर पडते. भरतीच्या वेळी सखल भागांत तुंबणाऱ्या पाण्यात खाडीचे पाणी मिसळलेले असू शकते आणि खारे पाणी पोलादाला गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने खाते. मिठी नदीच्या किंवा खाडीच्या आसपासच्या रस्त्यांवरून गाडी गेली असेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये.

पहिला अर्धा तास ब्रेकचा

बेअरिंगची तक्रार उशिरा येते, ब्रेकची मात्र लगेच. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक असतील, तर त्यांवरचे पाणी फिरण्याच्या वेगाने बाहेर फेकले जाते आणि ते लवकर सुकतात. मागच्या ड्रमचे तसे नाही. तो एखाद्या झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखा असतो. पाणी आत जाते ते सहजासहजी बाहेर पडत नाही. ओले झालेले लाइनर ड्रमवर घट्ट पकड घेत नाहीत, आणि डावा-उजवा ड्रम सारख्या वेगाने सुकत नसल्याने ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढली जाऊ शकते.

यावर उपाय सोपा आहे. पाण्यातून बाहेर आल्यावर मागे-पुढे वाहन नाही असे पाहून, ताशी पंधरा-वीस किलोमीटर वेगात, ब्रेकच्या पेडलवर पाय हलकेच दाबावा आणि सोडावा. असे आठ-दहा वेळा केले की घर्षणाच्या उष्णतेने लाइनर सुकतात. पाय सतत दाबून ठेवू नये आणि ब्रेकची पकड परत आल्याची खात्री होईपर्यंत वेग वाढवू नये. पकड परत आली म्हणजे ब्रेक ठीक झाले, असा समज येथेच करून घेतला जातो, आणि तो अर्धाच खरा असतो. पाणी सुकले, पण पाण्याबरोबर आलेला गाळ ड्रममध्येच राहिला. तुंबलेल्या रस्त्यावरचे पाणी म्हणजे वाळू, सिमेंट, माती आणि गटारातला मळ यांचे मिश्रण असते. ही वाळू लाइनरमध्ये रुतून बसते आणि पुढचे कित्येक दिवस ड्रमला आतून कानशीप्रमाणे घासत राहते.

त्या रात्री गाडी उभी करताना आणखी एक खबरदारी घ्यावी. हँडब्रेक ओढून ठेवला, तर ओले लाइनर रात्रभर ड्रमला चिकटून राहतात आणि गंजामुळे सकाळी चाक जागचे हलत नाही. चालक मग क्लच सोडून गाडीला हिसका देतो. 'टक्' असा आवाज होऊन चाक सुटते खरे, परंतु लाइनर पट्टीपासून सुटण्याची सुरुवात त्या हिसक्यातून होऊ शकते. त्यापेक्षा सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून दोन चाकांना पुढून-मागून विटा लावाव्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्कवर दिसणारा तांबूस गंजाचा थर मात्र चिंतेचा नाही. पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो निघून जातो.

दोन दिवसांत चाके उघडावीत

पाणी चाकाच्या मध्यापर्यंत गेले असेल, तर दोन दिवसांच्या आत, फार तर त्या आठवड्यात, चारही चाके काढून पाहणे इष्ट. रोजंदारीवर संसार चालवणाऱ्या व्हॅनचालकाला गाडीचा अर्धा दिवस मोडणे जड जाते, हे उघड आहे. पावसाळ्यात तर फेऱ्यांना मागणीही अधिक असते. यासाठी शनिवारची दुपार किंवा रविवार राखून ठेवावा. पण पुढच्या महिन्याची सर्व्हिसिंग येईपर्यंत थांबू नये.

बेअरिंगची पहिली परीक्षा हातानेच होते. गाडी सपाट जागी उभी करून उरलेल्या चाकांना अटकाव लावावा, चाक जॅकने उचलावे आणि चासीखाली स्टँड द्यावा. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली हात घालणे म्हणजे जिवाशी खेळ. मग घड्याळात बारा आणि सहा जेथे असतात, तेथे चाकाला दोन्ही हातांनी धरून आत-बाहेर हलवून पाहावे. खटखट जाणवली तर बेअरिंग सैल झाले आहे, किंवा पुढच्या चाकाच्या बाबतीत बॉल जॉइंट झिजला आहे. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यास पुढच्या चाकाला स्टिअरिंगच्या सांध्यांमुळेही प्ले जाणवतो, म्हणून दोन्ही दिशांनी पाहून तुलना करावी. यानंतर चाक हाताने फिरवावे आणि दुसरा हात जवळच्या स्प्रिंगवर ठेवावा. निरोगी बेअरिंगमध्ये हाताला काहीच लागत नाही. खड्डे पडलेले असतील तर पिठाच्या जात्यासारखी घरघर स्प्रिंगमधून बोटांना जाणवते. कानापेक्षा हाताला ती आधी कळते. मागचे चाक फिरवताना गाडी न्यूट्रलमध्ये असावी आणि डिफरन्शियलचा आवाज त्यात मिसळतो, हेही ध्यानात घ्यावे.

पुढचा प्रश्न बेअरिंग उघडता येणारे आहे की नाही, हा. टेम्पो आणि मोठ्या व्हॅनमध्ये पुढच्या चाकांना निमुळत्या रोलरची जी बेअरिंगे असतात, ती काढून रॉकेल-डिझेलने धुता येतात, पूर्ण सुकवून नवे ग्रीस भरता येते आणि नवे सील बसवून पुन्हा वापरता येतात. या गाड्यांच्या मालकांसाठी पावसाळ्यातील ही सेवा म्हणजे बेअरिंगचे आयुष्य वाढवणारा सर्वांत स्वस्त उपाय होय. याउलट छोट्या व्हॅनमधील आणि अलीकडच्या मोटारींतील बहुतेक बेअरिंगे कायमची बंदिस्त असतात. त्यांचे सील उचकटून वरून ग्रीस कोंबण्याचा उद्योग काही ठिकाणी होतो. त्याने आतले पाणी बाहेर येत नाही, उलट सील कायमचे निकामी होते. बंदिस्त बेअरिंगच्या बाबतीत आवाज आला की बदलणे, एवढाच मार्ग आहे. त्यामुळे तेथे तपासणी म्हणजे दुरुस्ती नव्हे, पाळत होय.

ड्रम उघडल्यावर गाळ ब्रशने आणि ब्रेक क्लीनरने साफ करावा. हवेच्या नळीने धूळ उडवू नये. लाइनरची भुकटी छातीत जाणे चांगले नाही. त्यानंतर व्हील सिलिंडरचे रबरी टोपण किंचित उचलून पाहावे. आत ओलसर असेल तर ब्रेक ऑइल गळते आहे. पाणी आत गेले असेल तर पिस्टनवर गंज दिसतो. ॲडजस्टर मोकळा फिरतो की गंजून बसला आहे आणि हँडब्रेकची केबल सोडल्यावर पूर्ण मागे येते की अडकते, हेही पाहावे. पुढे डिस्कच्या बाजूला कॅलिपरच्या पिना कोरड्या पडल्या असतील, तर एक पॅड सतत डिस्कला टेकून राहतो, चाक तापते आणि ती उष्णता शेवटी बेअरिंगच्या ग्रीसला भोगावी लागते.

ब्रेक ऑइलविषयी थोडेसे. हे द्रव हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून पाण्यात न गेलेल्या गाडीतही ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० आणि १५५. पाणी ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणापर्यंत चढले असेल, तर विचार न करता सर्व ऑइल बदलावे. शाळेच्या फेऱ्यांत हा दोष कदाचित उघडा पडणारही नाही. पण तीच व्हॅन रविवारी माणसे भरून माळशेजला किंवा लोणावळ्याला जाते आणि घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये ऑइलची वाफ झाली, तर पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही.

मागच्या ॲक्सलची गोष्ट वेगळी

ओम्नी आणि ईको या दोन्ही गाड्या मागच्या चाकांवर चालतात. त्यामुळे मागे, दोन चाकांच्या मधोमध, डिफरन्शियल असते आणि त्यात गिअर ऑइल असते. गरम झालेल्या ऑइलचा दाब बाहेर पडावा म्हणून त्याला एक छोटी वाट ठेवलेली असते, तिला ब्रीदर म्हणतात. डब्याच्या झाकणाचा न्याय येथेही लागू होतो. तापलेला ॲक्सल पाण्यात बुडाला की ब्रीदरमधून पाणी आत खेचले जाते. ब्रीदर मातीने बुजला असेल तर ते सीलमधून वाट काढते.

तपासणी पाच मिनिटांची आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी डिफरन्शियलचा खालचा नट किंचित सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसलेले पाणी प्रथम बाहेर येते. गाडी चालून आल्यावर हेच पाहिले, तर ऑइल दुधाळ दिसते. दोन्हींपैकी काहीही आढळले तर ऑइल पूर्ण बदलावे. हे न केल्यास नुकसान दोन ठिकाणी होते. एक तर डिफरन्शियलचे गिअर आणि आतली बेअरिंगे गंजतात. दुसरे असे, की ॲक्सलच्या टोकाचे सील वाळूने खराब झाले असेल, तर हेच ऑइल हळूहळू ड्रममध्ये उतरते आणि ब्रेकच्या लाइनरवर पसरते. मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर, काळसर ओघळ दिसला तर प्रथम याचीच शंका घ्यावी. ऑइल प्यालेले लाइनर पेट्रोलने पुसून किंवा पॉलिश पेपरने घासून परत बसवण्याची पद्धत सर्रास दिसते. ती धोकादायक आहे. लाइनर आत खोलवर ऑइल शोषतो आणि ब्रेक तापला की ते पुन्हा वर येते. असे लाइनर फेकून द्यावेत आणि नवे बसवताना डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे बदलावेत.

पुष्कळ व्हॅनमध्ये मागे सीएनजीची टाकी बसवलेली असते. एका प्रौढ माणसाइतके हे वजन कायमचे मागच्या चाकांवर पडते, आणि त्यात मुले व त्यांची दप्तरे यांची भर. अशा गाडीच्या मागच्या बेअरिंगांना पाण्यानंतर अधिक जपणे आवश्यक आहे.

आवाज प्रथम कोणाला ऐकू येतो?

बिघडत चाललेल्या बेअरिंगचा आवाज ओळखण्याची खूण ठरलेली आहे. 'हूंऽऽ' असा सलग घुमणारा आवाज, जो गाडीच्या वेगाबरोबर वाढतो. गिअर बदलला, क्लच दाबला, इंजिन बंद केले, तरी वेग तोच असेपर्यंत तो बदलत नाही. टायरचाही आवाज असाच येतो. पण तो डांबरी रस्त्यावरून काँक्रीटच्या रस्त्यावर गेल्यास बदलतो. शंका असल्यास मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर गाडी हलकेच डावी-उजवीकडे वळवून पाहावी. उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर येतो, म्हणून त्या वेळी आवाज वाढला तर दोष बहुधा डाव्या बाजूला आणि उलट असल्यास उजव्या बाजूला असतो.

मात्र ओम्नीत इंजिन चालकाच्या आसनाखालीच बसलेले असते आणि त्याच्या घरघरीत मागच्या चाकाचा आवाज चालकापर्यंत पोहोचतच नाही. तो प्रथम ऐकू येतो मागच्या आसनावर बसलेल्यांना, म्हणजे मुलांना. महिन्यातून एकदा चालकाने शेजारच्या जाणत्या माणसाला गाडी चालवायला देऊन स्वतः मागे बसावे, हा सल्ला म्हणूनच व्यवहारी आहे. फेरी संपल्यावर चारही चाकांच्या मध्यभागाजवळ तळहात नेऊन उष्णतेची तुलना करण्याची सवयही उपयोगी पडते. हात लावू नये, भाजण्याची शक्यता असते. एक चाक इतर तिघांपेक्षा स्पष्टपणे अधिक तापलेले असेल, तर तेथे ब्रेक अडकलेला आहे किंवा बेअरिंग बोलते आहे.

आवाजाकडे दुर्लक्ष केल्यास पुढे काय होते? बेअरिंग सैल झाले की चाक किंचित डुलू लागते आणि त्याच्याबरोबर डिस्कही डुलते. ही डुलणारी डिस्क ब्रेकच्या पॅडना मागे ढकलते. त्यामुळे पुढच्या वेळी ब्रेक मारताना पेडल नेहमीपेक्षा खोल जाते आणि दुसऱ्यांदा दाबल्यावरच ब्रेक लागतो. अनेक चालक हा ब्रेकचा दोष समजून पॅड बदलतात, ब्रेक ऑइल बदलतात, आणि मूळ दुखणे तसेच राहते. अखेरची पायरी म्हणजे बेअरिंग जाम होणे किंवा फुटणे. मागच्या ॲक्सलमध्ये चाकाला जागेवर धरून ठेवण्याचे काम हेच बेअरिंग करते, हे लक्षात घेतले तर त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पाण्यात गेलेल्या गाडीचा हा आवाज साधारणपणे गणपतीनंतर ऐकू येऊ लागतो. दसऱ्याला गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालण्याची प्रथा सर्वत्र आहे आणि त्याआधी सर्व्हिसिंग करून घेण्याचीही. त्या सर्व्हिसिंगमध्ये चाके उचलून पुन्हा एकदा वरील परीक्षा करावी. मात्र वॉशिंग सेंटरमध्ये उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा थेट चाकाच्या मध्यावर मारू देऊ नये. पुराच्या पाण्याने जे साधले नाही, ते तो फवारा साधतो.

बेअरिंग बदलताना

बंदिस्त बेअरिंग जागेवर बसवण्यासाठी हायड्रॉलिक प्रेस लागते. हातोड्याने ठोकून बसवलेल्या बेअरिंगमध्ये गोळ्यांचे ठसे कडीवर उमटतात आणि नवे बेअरिंग पहिल्याच दिवसापासून आवाज करू लागते. जवळच्या गॅरेजमध्ये प्रेस नसेल, तर हब किंवा ॲक्सल काढून प्रेस असलेल्या कारखान्यात न्यावा. कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की पुण्याची नाना पेठ, सुट्या भागांच्या बाजारात अस्सल डब्यासारख्या दिसणाऱ्या डब्यात नकली बेअरिंगही मिळते, म्हणून पक्के बिल घ्यावे. जुने बेअरिंग मागून घ्यावे आणि त्याचे सील काढून आत पाहावे. दुधाळ ग्रीस व गंज दिसला, तर त्याच दिवशी पाण्यातून गेलेल्या इतर तीन चाकांविषयीही निष्कर्ष काढता येतो.

विम्याबाबत अनेकांचा गैरसमज असतो. वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा असल्यास पुराने झालेली हानी त्यात येते. परंतु झीज आणि यांत्रिक बिघाड सर्वसाधारण पॉलिसीत वगळलेले असतात, त्यामुळे दोन महिन्यांनी खराब झालेले बेअरिंग पुरामुळेच गेले, हे पटवणे कठीण जाते. पाण्यात अडकल्याची छायाचित्रे तारीख-वेळेसह काढणे, कंपनीला त्याच वेळी कळवणे आणि पहिल्या तपासणीचे बिल जपून ठेवणे, एवढे हाती असेल तर निदान बोलणी तरी होऊ शकतात.

शालेय वाहतुकीच्या गाड्यांना फिटनेस प्रमाणपत्र लागते. मात्र ते तपासणीच्या दिवसापुरते बोलते. जूनमध्ये उत्तीर्ण झालेली व्हॅन जुलैमध्ये पाण्यातून जाऊ शकते. राज्याच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार शाळांमध्ये परिवहन समिती असणे अपेक्षित आहे आणि पालकांचे प्रतिनिधी तीत असतात. पावसाळ्यातील बैठकीत पालकांनी चालकाला दोनच तारखा विचाराव्यात: गाडी अर्ध्या चाकापर्यंत पाण्यात गेली ती तारीख आणि त्यानंतर चाके उघडून पाहिली ती तारीख. दुसरी तारीख मिळण्यासाठी गाडी अर्धा दिवस उभी ठेवावी लागणार असेल, तर त्या दिवशी मुलांना आणण्याची जबाबदारी कोणी घ्यायची, हेही त्याच बैठकीत ठरवावे लागेल.